निरोपाच्या पुरणपोळ्या आणि माझा विमा

आमच्या जबलपूरच्या कॉलनीत पोरगी शिकून बाहेर पडली की लोक विचारतात, "कुठे लागली?" लागली म्हणजे नोकरीला. सगळी घरं फॅक्टरीतून रिटायर झालेल्यांची, मूळची अमरावती-यवतमाळकडची, आणि सगळ्यांचा नोकरीवर देवापेक्षा जास्त भरवसा. मी कुठेच लागले नव्हते. सराफ्यातल्या सोनारांना मी कॉम्प्युटरवर दागिन्यांची डिझाइनं काढून द्यायची. हळूहळू परदेशातले ज्वेलर्सही माझ्याकडून कामं करून घेऊ लागले. छान चाललं होतं. पण बाबांना कोणी विचारलं की ते खाली बघत म्हणायचे, "घरीच असते. चित्रं-बित्रं काढत राहते."

चित्रं-बित्रं! त्या 'बित्रं'चा मला इतका राग यायचा की सांगायची सोय नाही.

जर्मनीला जाऊन राहायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं होतं, आता तरी हे 'बित्रं' बंद होईल. स्वतःचा धंदा करणाऱ्यांना तिकडे वेगळा व्हिसा मिळतो. गिऱ्हाइकांची पत्रं होती, बँकेचे कागद होते, व्हिसाच्या मुलाखतीची तारीखही मिळाली होती. अडलं कुठे, तर आरोग्य विम्यापाशी. विमा नसेल तर व्हिसा नाही, आणि ही तारीख हुकली तर पुढची कधी मिळेल ते कोणीच सांगेना.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "हे बघ, नोकरी असली की दवाखाना मिळते. नोकरी नाही, तर दवाखाना नाही. साधी गोष्ट आहे."

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. आमचं सगळं बालपण फॅक्टरीच्या दवाखान्यात गेलं. बाबांच्या कार्डावर आमची नावं होती. ताप येवो, हात मोडो, कार्ड दाखवायचं आणि रांगेत बसायचं. मी कमवायला लागले तसं माझं नाव त्या कार्डावरून निघालं. मी पेढे वाटले. बाबांनी मात्र, कोणी घर सोडून गेल्यासारखा, त्यातला एकही पेढा तोंडात टाकला नाही.

सिविल लाइंसमधल्या एका एजंटकडे गेले. गोड बोलणारा माणूस. "दीदी, आप टेंशन मत लो," म्हणत त्याने एक पॉलिसी गळ्यात मारली. घरी येऊन वाचते तर काय, तो फिरायला जाणाऱ्यांचा विमा! सामान हरवलं, विमान चुकलं, असल्या गोष्टी. व्हिसावाल्यांना तर तिकडे कायम राहणाऱ्या माणसाचा असतो तसा पूर्ण विमा हवा होता. परत गेले तर म्हणतो, "दीदी, वो वाला तो कंपनी देती है. आपकी कंपनी कौन सी है?" माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! त्याच्याच खुर्चीत बसून पॉलिसी रद्द करून घेतली, तेव्हाच उठले.

मग मी स्वतःच शोधायला बसले. शेवटी एक जर्मन कंपनी सापडली, माझ्यासारख्यांना विमा देणारी. व्हिडिओवर एक बाई बोलल्या. विचारलं, "मालक कोण?" मी म्हटलं, "कोणी नाही. मीच." त्या म्हणाल्या, "ठीक," आणि पुढचा प्रश्न. बस, एवढंच! जबलपुरात मला असं 'ठीक' कोणी म्हटलं नव्हतं. फोन ठेवून मी खोलीत एकटीच नाचले. त्यांची अट एकच होती: डॉक्टरांची तपासणी आणि रक्ताचा रिपोर्ट. मला काय धाड भरली होती? मी ठणठणीत होते.

पण आईला मी ओळखलं नव्हतं. विम्याचा पत्ता नाही, व्हिसाचा पत्ता नाही, आणि तिने कॉलनीभर सांगून टाकलं की पोरगी जर्मनीला चालली. झालं! घराघरातून जेवणाची बोलावणी सुरू. लग्नाआधी करतात तशी केळवणंच म्हणा ना. माझं लग्न न झाल्यामुळे लोकांची केळवणं राहून गेली होती, ती सगळ्यांनी आता वसूल केली. पुरणपोळी, वर तुपाची धार. बासुंदी. येताना हातात खव्याच्या जिलेब्यांचा डबा. "तिकडे कुठे मिळते गं हे? घे अजून एक." तपासणीच्या आदल्या संध्याकाळीही समोरच्या काकूंकडे मी श्रीखंड-पुरीचं ताट रिचवून आले होते.

रिपोर्ट आला. साखर काठावर, रक्तातली चरबी डोक्यावर. डॉक्टर बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आपने हफ्ते भर खाया क्या था?" मी यादी सांगायला लागले. अर्ध्यातच त्यांनी हात जोडले.

जर्मन कंपनीने कळवलं, आत्ता विमा देता येत नाही. महिन्याभराने नवा रिपोर्ट पाठवा, मग बघू. व्हिसाची तारीख त्या महिन्यानंतर जेमतेम दोन-चार दिवसांनी. मी पलंगावर बसून रडले, आणि रडून झाल्यावर आईवर जी भडकले!

"काहून ओरडून राहिली?" आई म्हणाली. "लोकांनी प्रेमानं बोलावलं. नाही म्हणता येते का?"

"मग मी म्हणते!"

आणि मी म्हटलं. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरळ लिहिलं: तुमच्या जेवणांनी माझी साखर वाढली, विमा अडला, आता जर्मनी राहिली बाजूला. यापुढे बोलवायचं असेल तर भाकरी आणि उकडलेली भाजी, नाहीतर बोलवू नका. आई डोक्याला हात लावून बसली. म्हणाली, आता आपल्या दारात कोणी उभं राहणार नाही.

तासाभरात समोरच्या काकूंचा फोन. मी कानापासून लांब धरूनच उचलला. काकू म्हणाल्या, "अवो बाई, दुधीची भाजी अन् ज्वारीची भाकरी चालते का तुला? मीठ टाकू की तेही नको?"

बाप्पा रे! मग जी चढाओढ लागली! एकीने पडवळ केलं, तर दुसरीने मुगाचं वरण बिनफोडणीचं. कोणी कारल्याचा रस घेऊन सकाळी दारात हजर. "त्यांच्याकडे भाजीत तेल दिसलं मला," अशा चुगल्यासुद्धा झाल्या. इतकं बेचव जेवण इतक्या मानानं कोणी कोणाला वाढलं नसेल.

आणि बाबा. दुसऱ्या दिवशी पहाटे बूट घालून दारात उभे. "चल. फॅक्टरीत चाळीस वर्षं एक दिवस लेट नाही झालो मी. तुझीही हजेरी लागली पाहिजे." रोज आम्ही झपाझप चालायचो. चालता चालता त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "हे जे तू काढते, ते सोनार लोक घडवतात कसं?" मी सांगत गेले. साचा, मेण, खड्याची बैठक. ते जन्मभर मशीनवर काम केलेले. त्यांना माझ्यापेक्षा जास्त समजत होतं. एके दिवशी थांबून म्हणाले, "म्हणजे मापात चुकलं तर माल वाया?" म्हटलं, "हो." म्हणाले, "मग हे काम आहे." आणि पुढे चालू लागले. मी दोन पावलं मागेच राहिले, कारण माझे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी आई स्वतः फाटकात खुर्ची टाकून बसली. एक काका जिलेबी घेऊन आले, त्यांना तिने बाहेरूनच वाटेला लावलं. रिपोर्ट आला. सगळं जागच्या जागी! जर्मनीहून पॉलिसी आली, माझ्या नावावर, आणि तीच घेऊन मी व्हिसा काढून आणला. आईने देवापुढे साखर ठेवली आणि मला चमचाभरच दिली.

मग निघायच्या आधी आमच्या घरी सगळ्या कॉलनीचं जेवण झालं. पुरणपोळीचंच. बाबांचे एक जुने सोबती जबलपूरजवळच्या पाटनहून आले होते. रिटायर झाल्यावर तिकडे शेती करतात, आमच्या भानगडीतलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. ताटावर बसता बसता त्यांनी विचारलंच, "मग? कुठे लागली पोरगी?"

मी तूप वाढत होते. हात तिथेच थांबला.

"कुठेच नाही लागली," बाबा म्हणाले. मान ताठ. "तिचं स्वतःचं काम आहे."

"अच्छा? अन् दवाखाना?"

"तो पण तिनंच घेतला. स्वतःच्या नावावर."

पाटनच्या काकांना ते काही फारसं पटलं नसावं. ते पोळीकडे वळले. मी मात्र स्वयंपाकघरात गेले, एका पोळीवर तुपाची वाटी उपडी केली आणि उभ्या उभ्याच खाल्ली.