मोहरील काकांचा ब्रेक

मोहरील काका कुठल्याही गोष्टीला चांगलं किंवा वाईट म्हणायचे नाहीत. पास म्हणायचे, नाहीतर रिजेक्ट. कारखान्यात इन्स्पेक्शनला होते ना. मशीनवरून निघालेला प्रत्येक पार्ट त्यांच्या अंगठ्याखालून जायचा, आणि संध्याकाळी घरी येताना तो अंगठा गेटवर जमा करायची काही सोय नव्हती. पंगतीत जिलबी वाढली की आधी उजेडाकडे धरायचे, कडेवरून अंगठा फिरवायचे, मग तोंडात. आमच्या ताईला बघायला मंडळी आली तेव्हा शेजारी म्हणून यांनाही बोलावलं. पोहे संपेपर्यंत गप्प बसले आणि दारात बाबांना म्हणाले, "मुलगा पास. मिशी रिजेक्ट." हळू बोललो असं त्यांना वाटलं. साखरपुड्याला जिजाजी सफाचट होऊन आले.

मी त्यांची नक्कल करायचो. आमच्या हिंदी मुलखातल्या टाऊनशिपचा मराठी गणपती म्हणजे माझं हक्काचं स्टेज. पहिल्यांदा केली तेव्हा अख्खा हॉल लोळत होता आणि काका पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. नंतर मला बाजूला घेतलं. म्हटलं, गेलो. तर म्हणतात, "खोकला रिजेक्ट. मी आधी चष्मा काढतो, मग खोकतो. तू आधीच खोकून राहिला बे." पुढच्या वर्षी सुधारून केली. मान हलवून म्हणाले, "हां. आता फक्त पोट कमी पडून राहिलं."

काका नागपूरचे, काकू साताऱ्याच्या. दोघांचं भांडण मराठीत सुरू व्हायचं आणि हिंदीत संपायचं, कारण तोवर दूधवाला मध्यस्थी करायला आलेला असायचा. तरी दोघांचं फार छान होतं. काका कारखान्यातून आले की काकूंना दिवसभराचं सगळं सांगायचे, आणि काकू कणीक मळता मळता, न बघता "हं" म्हणायच्या. त्या "हं"शिवाय काकांना चहा गोड लागत नसे.

आता गाडी. जुनी, छोटी, एकेकाळी पांढरी. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि पेडल असं कडक की ब्रेक दाबणं म्हणजे हापसा मारणं. काका सीटवरून अर्धे उठून पेडलवर चक्क उभे राहायचे, तेव्हा कुठे गाडीला विचार करावासा वाटायचा. टाऊनशिपला याची सवय होती. भाजीवाला रामदीन काकांचा हॉर्न ऐकला की ठेला आधीच फुटपाथवर चढवायचा. बाहेरच्या जगाला मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

एका रविवारी दोघं श्यामला हिल्सवरून तलावाकडे उतरत होते. उतारावर ड्रम तापले आणि ब्रेक लागेना. काका पेडलवर उभे राहून खिडकीतून ओरडतायत, "हटो भैया, हटो! ब्रेक गरम है!" गाडी उतार संपवून, स्वतःच्या मर्जीनं, एका भुट्टेवाल्याच्या ठेल्याला हलकेच टेकून थांबली. कोणाला काही झालं नाही. दोन भुट्टे खाली पडले, तेवढंच. काकू उतरल्या, ते दोन भुट्टे विकत घेतले, एक काकांच्या हातात दिला, दुसरा खात खात मिनीबसमध्ये चढल्या आणि घरी गेल्या. काका मागून गाडी घेऊन आले तेव्हा कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन गेल्या होत्या. काकू एवढंच म्हणाल्या, "आजपासून मी या गाडीत बसणार नाही."

एरवी हे खपून गेलं असतं, पण काकांची रिटायरमेंट तोंडावर आली होती. क्वार्टर सोडून नागपूरला जायचं होतं. काकांनी लग्न झाल्या झाल्या काकूंना सांगून ठेवलं होतं, की एक दिवस तुला माझ्या गाडीनं नागपूरला नेईन. आणि नेलं दरवेळी ट्रेननंच. कधी सुट्टी नाही, कधी आई आजारी, कधी गाडीच आजारी. आता शेवटची संधी होती, आणि काकू म्हणाल्या, "तुम्ही या गाडीने. मी ट्रेनने पोचते. तुम्ही पोचलात तर भेटू." आणि खरंच जाऊन तिकीट काढून आल्या. एकच.

काका आमच्या पायरीवर येऊन बसले. मी म्हटलं, "काका, नवीन गाडी घ्या न."

"नव्या गाडीनं काय प्रूव्ह होते? नवी तर कोणीही थांबवते."

मग सोनागिरीच्या हनीफ भाईंचं गॅरेज आणि जुन्या शहरातला कबाडखाना अशा काकांच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्याच कंपनीच्या नंतरच्या, जरा मोठ्या मॉडेलला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर होता. तशी एखादी भंगारातली गाडी शोधून तिचे ब्रेक आपल्या गाडीला लावायचे, असा बेत. कबाडी एकेक गाडी दाखवायचा आणि काका रिजेक्ट करायचे. शेवटी एक आवडली. मागून पार चेपलेली, डिकी मागच्या सीटवर येऊन बसलेली. हनीफ भाई म्हणाले, "को खां, यही मिली थी? इसका तो पिछवाड़ाच नहीं है."

काका खूश. "मागून ठोकलेली आहे न? म्हणजे हिचा ब्रेक लागला. मागच्याचा नाही लागला. ब्रेक पास!"

यावर हनीफ भाई बराच वेळ दाढी खाजवत राहिले. त्यात चूक काय ते त्यांना सापडलं नाही. मलाही अजून सापडलेलं नाही.

तर डिस्क काढल्या, त्यांना चिमटणारे कॅलिपर काढले. ते बसायला चाकामागचे हब लागले, तेही काढले. बूस्टर आणि मास्टर सिलेंडर काढला. बूस्टर हा एवढा, कढईएवढा, त्याला जागा करायला काकांच्या गाडीची बॅटरी हलवावी लागली. सगळं बसवलं, चाक लावायला गेले, तर जुनं चाक लहान, कॅलिपरला घासतंय. म्हणून त्या गाडीची चाकंही आणली. पुढची मोठी आणि मागची छोटी झाल्यावर गाडी आकाशाकडे बघायला लागली, म्हणून मागचीही आणली. लग्नात नवरी आणायला जावं आणि सासूसासऱ्यांसकट आख्खं खानदान घेऊन यावं, तसं झालं. हनीफ भाई वैतागले. "मियां, इससे अच्छा तो आपकी नंबर प्लेट उसमें लगा देते!"

"ती गाडी माझी नाही न बे," काका म्हणाले.

एका बाबतीत मात्र काका ऐकेनात. "लोखंड कबाड्याचं चालते. रबर नाही." सगळे सील, सगळे पाइप नवे कोरे. ब्रेकच्या नळीतली हवा काढायची वेळ आली, तेव्हा हनीफ भाई पेडल मारतायत आणि काका चाकापाशी उकिडवे बसून काकूंच्या लोणच्याच्या बरणीत बुडबुडे बघतायत. "और मारो. और. एक बुडबुडा आया. और मारो." ती बरणी काकूंनी परत घरात घेतली नाही.

काम झालं. हनीफ भाई म्हणाले, लो, चलाओ, ले जाओ. पण इथं काका अडले. त्यांच्या खात्याचा एक कायदा होता, आणि काकांनी तो जन्मभर पाळला होता: अपने काम पे अपना ठप्पा नहीं. ज्यानं केलं त्यानं पास करायचं नाही. "आणि हनीफही नाही, तोही कामात होता. पास तो करेल ज्याचा या गाडीवर सगळ्यात कमी भरोसा आहे." असं म्हणून सरळ घरी गेले आणि काकूंना म्हणाले, "इन्स्पेक्शनला चला."

काकूंनी हात पुसले. आत गेल्या आणि एक पातेलं काठोकाठ ताक घेऊन आल्या. "हे मांडीवर ठेवीन. सांडलं नाही तर बघू."

दसरा मैदानावर अर्धी कॉलनी जमली. मी झाडाखाली मोक्याची जागा धरली होती. काकांनी मस्त स्पीड घेतला, हनीफ भाईंनी रुमाल हलवला, आणि काकांनी ब्रेक मारला. मारला म्हणजे तसाच, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, सीटवरून उठून, पेडलवर उभं राहून. आता खाली होता बूस्टर. गाडी थांबली नाही, गाडीनं जमिनीत डोकं खुपसलं. ताक मात्र थांबलं नाही. काचेवर गेलं, काकांच्या टकलावर गेलं, मिररला लटकलेल्या हनुमानाला अभिषेक झाला.

काकू उतरल्या. पदरानं चष्मा पुसला. "थांबली खरी," म्हणाल्या. मग रिकामं पातेलं उचललं. "पण मी काही बटाट्याचं पोतं नाही, असं थांबवायला. रिजेक्ट."

इतके हिरमुसलेले काका मी कधी बघितले नव्हते. दोन दिवस गाडीखाली होते. डिस्क बघितल्या, पाइप बघितले, सगळीकडे अंगठा फिरवला. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आले, पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली आणि स्वतःच्या उजव्या पायाकडे असं बघत बसले, जशी ती पंगतीतली जिलबी आहे.

"डिफेक्ट सापडला," म्हणाले. "पार्ट सगळे बरोबर. ऑपरेटर खराब आहे. हा पाय जुन्या गाडीचा राहिला न."

"मग आता?"

"आता काय? पाय तर कबाडखान्यात भेटत नाही."

दुसऱ्या दिवसापासून टाऊनशिपनं एक नवाच तमाशा बघितला. सकाळी सकाळी मोहरील काका अनवाणी गाडी चालवतायत, आणि बाजूच्या सीटवर एक पातेलं पाणी, सीटबेल्ट लावून. चौकात थांब, वळणावर थांब, गाय बसलीय तिथं थांब, गाय नाही तिथंही थांब. पेडलवर पाय ठेवताना चेहरा असा, जसं झोपलेल्या बाळावर पांघरूण घालतायत. सुरुवातीला सीट रोज ओली व्हायची. मी विचारलं, "काका, सीट किती महिन्यांची झाली?" तर पातेलं माझ्या अंगावर रिकामं केलं.

सगळ्यात पंचाईत झाली रामदीनची. त्यानं नेहमीसारखा हॉर्न ऐकून ठेला फुटपाथवर चढवला. काका त्याच्यासमोर लोण्यासारखे थांबले आणि हातानं, जा म्हणाले. रामदीन हलेना. "आप निकलो साब." "नहीं, आप निकलो." "साब, हमारे बालबच्चे हैं!" शेवटी काका उतरले आणि ठेला स्वतः ढकलून रस्त्यापार करून दिला.

काकू हे सगळं गच्चीवरून कपडे वाळत घालताना बघत होत्या. पॅकिंग सुरू झालं. एक दिवस चपला घालून गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "न्यू मार्केटला सोडा. सुतळी संपली." पातेलं नाही, काही नाही. काका गेले, आले. संध्याकाळी मी पळत गेलो. "काय म्हणाल्या?"

"म्हणाली, सुतळी महाग झाली."

"आणि ब्रेकबद्दल?"

"काहीच नाही न बे." बिचारे रात्री जेवलेही अर्धेच, असं काकू दुसऱ्या दिवशी आईला सांगत होत्या. सांगताना हसत होत्या, हे मी काकांना सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी सामानाचा ट्रक पहाटेच गेला. सगळी लाइन क्वार्टरसमोर जमली. हनीफ भाईही आले होते, "घाट दूसरे गेर में उतारना, खां," म्हणाले, आणि काकांनी, "तू मला शिकवून राहिला?" म्हणत त्यांना कडकडून मिठी मारली. मग काकांनी खाली मान घालून मला विचारलं, "स्टेशनला तिच्यासाठी ऑटो सांगितला का?"

तेवढ्यात काकू आल्या. हातात पाण्याची बाटली, डब्याची पिशवी आणि एक उशी. पुढचं दार उघडलं, उशी मानेमागे लावली आणि बसल्या. "अहो, बघताय काय? तिकीट परवाच परत केलं. ऊन चढायच्या आत निघा."

काकांनी फडकं काढलं आणि स्वच्छ काच पुसत राहिले, बाहेरून, बराच वेळ. आईनं माझ्या हातावर चापट मारली, कारण मला तिथंच नक्कल सुचत होती. गाडी निघाली. कोपऱ्यावर थांबली, वळली, आणि लाइन एकदम मोकळी मोकळी वाटायला लागली.

दुपार टळल्यावर सावनेरहून काकांचा फोन आला. आवाज तापलेला.

"झोपली बे! मुलताईच्या पुढं सगळा उतार, एकेक वळण असं, समोरून ट्रक, आणि मी एकेक ब्रेक असा मारला, असा मारला, की काय सांगू तुला. आणि ही झोपलेली! बघायला कोणी जागं नाही!"

"उठवायचं न काका. जेवायच्या निमित्तानं थांबायचं कुठं तरी."

"पांढुर्ण्याला चांगला ढाबा होता. सोडला. त्याच्या पुढचाही सोडला." मागून काकूंचा आवाज आला, इतकी भूक लागेपर्यंत कोण गाडी चालवतं म्हणून. काकांनी फोनला हाताचा आडोसा केला असावा, कारण पुढचं एकदम हळू आलं.

"थांबलो असतो तर उठली असती न."