आज दार नीट बघू द्या त्याला

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते वाल सोलायचं. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात घालून परात मधे ठेवलेली. सोलायचं काम माझं, वाचायचं माझ्या बायकोचं, इंदूचं. वाचनालयातून आणलेली कादंबरी गुडघ्यावर टेकवून ती मोठ्याने वाचत होती. कादंबरीतला भाऊ भांडून गेलेला, तो खूप वर्षांनी बहिणीच्या दारात येऊन उभा राहिलेला. आणि लेखक त्याला आत काही सोडेना. दाराची फळी, कडी, उंबऱ्यावर पुसट झालेली रांगोळी… पानभर नुसतं दारच.

मी म्हटलं, "अगं ढकल त्याला आत! दारात काय बघायचंय? दारं मी जन्मभर रंगवली."

तिने चष्म्यावरून बघितलं. "रंगवलीत. बघितलीत कधी?" मग पुस्तकात बसचं तिकीट खुणेला घातलं आणि म्हणाली, "आज दार नीट बघू द्या त्याला. आत उद्या जाईल."

वालाचं बिरडं केलं, आम्ही पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत कळ आली. रिक्षा दवाखान्याच्या पायरीशी पोचली तेवढंच… तो भाऊ अजून दारातच आहे.

मी रंगारी. चौथीपर्यंत शिकलो, ते पण मारूनमुटकून. इंदू सातवी पास, म्हणजे आमच्या घरातली विद्वान. लग्नानंतर ठाण्यात टेंभी नाक्याला चाळीत होतो. पुढे डोंबिवलीत बिल्डिंगा उठायला लागल्या, रंगकामाला तोटा नव्हता, म्हणून कोपरला खोली घेतली. सामान लागायच्या आधी ही बया वाचनालय शोधून आली. मी संध्याकाळी रॉकेलने हात धुऊन बसायचो आणि ती वाचायची. मला गोष्ट आवडायची, वर्णन नाही. आभाळ असं होतं नि खिडकी तशी होती, हे सुरू झालं की मी म्हणायचो, "गाळ ते. पुढं काय झालं ते बोल."

एकदा चिडून तिने खरंच गाळलं. एका कादंबरीत एकटा म्हातारा होता. हिने आठवडाभर त्याचं सगळं वर्णन वगळून नुसती गोष्ट वाचली. शेवटी म्हातारा मेला. मी म्हटलं, "बरं. पुढं?"

"पुढं काही नाही. संपलं."

"एवढंच? मेला नि काही वाटलं पण नाही. फालतू पुस्तक आहे."

तिने पानं मागे उलटली आणि गाळलेलं वाचायला घेतलं. म्हाताऱ्याच्या घरात दोन कप होते. एक तो रोज वापरायचा. दुसरा पण रोज धुवायचा, उपडा घालायचा, आणि कोणी आलं नाही की दुसऱ्या दिवशी परत धुवायचा. नाकाशी काहीतरी झालं म्हणून मी खिडकीत गेलो. मागून ही विचारते, "अहो, अस्तर न मारता रंग देता का तुम्ही भिंतीला?"

"देईन कशाला? महिन्यात पोपडे निघतील."

"मग माझ्याकडून बिनअस्तराची गोष्ट कशाला मागता?"

त्या दिवसापासून मी 'गाळ' म्हणायचं सोडलं. म्हणजे कमी केलं. उलट मधेच अडवायला लागलो. एका गोष्टीत 'निळी भिंत' आली. मी विचारलं, "कसली निळी? चुन्यात नीळ टाकलेली की ऑईलपेंटची? चुन्याची असेल तर हात लावला की हाताला लागणार. त्या घरातल्या पोरांच्या शर्टाच्या पाठी निळ्या असतील बघ." इंदूने पुस्तक खाली ठेवलं आणि इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाली, "आता आलात तुम्ही वाचणाऱ्यांत." मला ठाण्याच्या बंगल्याचं काम मिळालं तेव्हा पण एवढं बरं वाटलं नव्हतं.

माणसांचं पण तिचं तसंच. वरच्या मजल्यावरच्या नानांना मी कंजूष म्हणालो की अडवायची. "कंजूष म्हटलं की माणूस संपला. पाहुण्याला दारापर्यंत सोडायला निघताना नाना आधी पंखा बंद करतात, तेवढं सांगा. ऐकणारा काय ते म्हणेल." आणि हे ती जिन्यातच मोठ्याने बोलायची! नाना ऐकून म्हणाले, "वहिनी, दिवा पण बंद करतो, ते राहिलं तुमचं." तिला भीड म्हणून नव्हती. मला तर नव्हतीच. भांडण झालं की चाळीस घरांना करमणूक.

तेरावं झाल्यावर वाचनालयात शोकसभा ठेवलेली. लोक आपुलकीने आले, त्याबद्दल मी आभारी आहे. पण बोलले काय? प्रेमळ होत्या, मनमिळाऊ होत्या, धार्मिक होत्या. मी इकडेतिकडे बघायला लागलो, ही कोण बाई मेली? धार्मिक? सत्यनारायणाच्या पूजेत भटजींना मधेच थांबवून ही विचारायची, "पण ती कलावती दिसायला कशी होती, ते सांगा की!" मुलगी सुनंदा कानाशी म्हणाली, "बाबा, तुम्ही बोला ना दोन शब्द." उठलो. तोंडात शब्द आला तो पण 'प्रेमळ'च. तसाच खाली बसलो. तेव्हा मात्र मी घाबरलो. असेच चार शब्द मी पण बोलत राहीन, आणि त्या चार शब्दांची कोणतरी बाई माझ्या घरात फोटोत राहील… आणि इंदू निघून जाईल.

सभेहून घरी आलो. जावई विलास चांगला पोरगा आहे, कल्याणहून माझ्यासाठी धावपळ करतो. कुलूप काढताना म्हणाला, "मामा, दार किती कळकट झालंय हो. लोक येतात-जातात. मी डबा आणलाय चॉकलेटी, उद्या माणूस बोलावतो."

"रंगाऱ्याच्या घरी रंगारी बोलावतोस? मी मेलो नाही अजून."

सुनंदा म्हणाली, "आई सारखी म्हणायची ना, जगाची दारं चकचकीत नि आमच्या दाराला पोपडे. रंगवा बाबा, तिला बरं वाटेल."

सकाळी दोघं उठायच्या आत मी स्टूल घेऊन बाहेर बसलो. पॉलिशपेपर मारायला घेतला. वरून खाली येत येत कडीच्या खाली आलो आणि हात थांबला. तिथे तळहाताएवढा जुना रंग पार उडालेला, लाकूड गुळगुळीत. आमचं दार एका पावसाळ्यात फुगलं, तेव्हापासून अडकतं. मी खांद्याने ढकलतो. इंदू बुटकी, एका हातात पिशवी, काखेत पुस्तक, ती तिथे तळहात टेकून जोर लावायची. पहिल्यांदा उघडलं नाही की दाराला शिवी द्यायची, मग दुसऱ्यांदा. इतक्या वर्षांत रोज त्याच जागी.

मी कितीतरी वेळ ते दार बघत बसलो. मग रंगवलं. अख्ख्या दाराला पहिला हात दिला, आणि तेवढी जागा सोडली. विलास चहाचा कप घेऊन बाहेर आला. "मामा, इथे राहिलं."

"राहिलं नाही. ठेवलंय."

सुनंदाने वाकून बघितलं, आपला हात तिथे लावून बघितला. मग आत जाऊन मला दुसरा चहा घेऊन आली.

दुसरा हात देऊन दार वाळल्यावर मी तळहात तिथे टेकला. थोडं वाकावं लागलं. दुसऱ्यांदा ढकलल्यावर उघडलं. आत गेलो, वाल भिजत घातले, आणि तिकिटाच्या खुणेशी पुस्तक उघडून, बोट ठेवून वाचायला घेतलं, मोठ्याने, दाराचं पान पहिल्यापासून.