ताईच्या वहीतले चांगले आकडे

दोन महिन्यांपूर्वी, सकाळी सव्वासातला माझ्या भाचीचा, मुग्धाचा फोन आला. "मावशी, आईला बोलता येत नाहीये." मी विचारलं, "काल बीपी किती होतं?" तिने वही बघून सांगितलं, "एकशे छत्तीस." एवढ्या बीपीने काही होत नसतं, असं स्वतःला बजावत मी रिक्षाने इंदिरानगरला पोचले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिसऱ्या दिवशी माझी मोठी बहीण गेली.

भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणत होता, "इतकी आनंदी बाई... हिला कसं काय झालं?" एका बाईंनी तर निदानच केलं, "मनात टेन्शन धरून ठेवलं असेल." म्हणजे जाण्याचा दोषही तिच्याच माथी! मी पाण्याचे ग्लास भरत राहिले.

ताई शाळेत गणित शिकवायची. भावजी गेल्यावर वर्षभर तिला धड झोप नव्हती, जेवलेलं पचत नव्हतं. मग ती सकाळी जॉगिंग ट्रॅकवरच्या हास्यमंडळात जायला लागली. तिथे नियमच होता, आजाराचं नाव काढायचं नाही. काढलं, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चहा पाजायचा. मी खूप चेष्टा केली, पण खोटं कशाला बोलू, तिला झोप लागायला लागली, जेवण जायला लागलं. मन हलकं झालं की शरीर सुधारतं हे मी तिच्याच घरात पाहिलं. फोनवर ती आमच्या सटाण्याच्या बोलीत ओरडायची, "बेस शे मी!" म्हणजे, झकास आहे मी. डोकं दुखत असलं तरी बेस, चक्कर आली तरी बेस.

शेवटी मीच तिला ओढत डॉक्टरांकडे नेलं. गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज बीपी मोजून वहीत लिहा. मशीन मी आणलं, वही मी आणली आणि दर रविवारी जाऊन वही तपासायचं कामही मीच अंगावर घेतलं. आकडा मोठा दिसला की मी सुरू : "पापड खाल्लास ना? लोणचं किती घेतलंस?" ती हसायची. "अगं, शाळेत मीसुद्धा पोरांना इतकी नाही गं रागावले."

महिन्याभरात आकडे सुधारले. दवाखान्यात बीपी जास्त भरलं की ती वही पुढे करायची, "डॉक्टर, इथं आलं की वाढतं. घरचं बघा." घरचं सुरेख होतं. गोळी तेवढीच राहिली. मी तिला शाबासकी दिली... तीही मीच दिली.

रविवारी माझ्यासमोर ती पट्टा बांधायची आणि म्हणायची, "तू अशी टक लावून बसलीस की वाढतं. जा, चहा टाक." मी आलं किसून, दूध उकळून, बिस्किटांची बशी घेऊन येईपर्यंत तिचं मोजून झालेलं असायचं. "बघ, एकशे चौतीस!"

तेराव्यानंतर मुग्धाने मशीन आणि वही माझ्या हातात ठेवली. मलाही गोळी चालू झालीये, म्हणून. घरी येऊन मशीनवरचं जुने आकडे दाखवणारं बटण दाबलं. सकाळी सहा चाळीस : १७२. सहा सेहेचाळीस : १६४. मग १५१. सात वाजता १३६. वहीत फक्त १३६. आदल्या दिवशीही तेच. रविवारीही तेच, फक्त वेळ माझ्या चहाची.

म्हणजे ही बाई डोळे मिटून, खोल श्वास घेऊन, 'मी बरी आहे' असं मनात घोकून आकडा खाली आणायची! पंधरा मिनिटं तो खरोखर खाली राहायचा. उरलेल्या दिवसाचं काय? गणिताच्या बाईंना हे कळू नये? असा संताप आला की मशीन खिडकीतून फेकावंसं वाटलं. मग लक्षात आलं, ती डॉक्टरांना फसवत नव्हती. मंडळात आजाराचं नाव काढायची सोय नव्हती आणि घरी मी होते. खरा आकडा सांगायला तिला जागाच कुठे ठेवली होती आम्ही?

वहीची निम्मी पानं कोरी होती. टाकून कशाला द्यायची? तिच्या सुबक निळ्या अक्षरातल्या १३६च्या खाली मी माझे आकडे लिहिते. आज सकाळी १५८ आलं. हात तिच्यासारखाच पुन्हा बटणाकडे गेला, डोळे मिटले, श्वासही घेतला... मग डोळे उघडले आणि १५८ लिहून टाकलं.

चहा त्यानंतर टाकला.