कुचल्याचे थेंब

कुचल्याचं नाव निघालं की मी उठून बाहेर जातो. घरच्यांना वाटतं, जन्मभर कंपाउंडरी केली, म्हाताऱ्याला औषधांच्या गप्पांचा वीट आला असेल. मीही तसंच वाटू दिलं. बायको गेली, तिलाही खरं कारण कळलं नाही. तुम्हाला का सांगतोय? ते मलाही नीट सांगता येणार नाही. पण सांगतो.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, कंपाउंडरच्या परीक्षेला आम्हाला नागपूरला जावं लागे. नांदुऱ्याच्या एका दवाखान्यात आम्ही दोघं उमेदवार होतो — मी आणि नामदेव. मी देशमुखांचा, खामगावला इंग्रजी शाळेत शिकलेला. नामदेव माळ्याचा. सकाळी बाजारात घरची वांगी-कांदे विकून मग दवाखान्यात यायचा. औषधांचं पुस्तक इंग्रजीत, त्याचं इंग्रजी कच्चं. म्हणून मी वाचायचं, मराठीत सांगायचं आणि त्यानं पाठ करायचं, असं ठरलेलं.

तो पाठ कसा करायचा माहीत आहे? मोट हाकताना. बैल उतारावरून खाली जाताना औषधाचं नाव, मोट थारोळ्यात रिती होताना त्याचं प्रमाण. अफू, सोमल, बेलाडोना... गाणंच करून टाकायचा. मी आठ-आठ दिवस घोकायचो आणि डॉक्टरसाहेबांनी विचारलं की अडायचो. तो एकदा ऐकायचा, आणि झालं.

राग यायचा का मला? राग नव्हता तो. राग असता तर भांडलो असतो, मोकळा झालो असतो. मी हसायचो — त्याच्या पाठीवर थाप मारायचो — आणि आत काहीतरी करपत राहायचं. मीच वाचलेलं, माझ्याच तोंडून ऐकलेलं, आणि ते त्याचं होऊन बसायचं. हे कुणाला सांगणार?

एकदा माझे वडील दवाखान्यात आले. डॉक्टरसाहेब त्यांना सहज म्हणाले, "देशमुख, तुमच्या दत्तूला जरा नामदेवापाशी बसवत जा." वडील हसले. घरी जेवताना एवढंच विचारलं, "तो भाजीवाल्याचा ना?"

तो घास मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यामागं लिंबाखाली बसलो होतो. तो बाटल्या धूत होता आणि पाठ म्हणत होता. माझ्या मांडीवर पुस्तक. कुचला हे विषच. अगदी थोडं दिलं तर अशक्त माणसाला ताकद येते. त्याची दोन औषधं. एक टिंक्चर, ते सौम्य — पाच ते पंधरा थेंब. दुसरा पातळ अर्क, तो जहाल — एक ते तीन थेंब, वर नाही.

"कुचल्याचं टिंक्चर, पाच ते पंधरा," नामदेव म्हणाला. "कुचल्याचा अर्क, पाच ते पंधरा." मग त्याचे हात थांबले. त्याची त्यालाच शंका आली. "दोन्हीचं सारखंच हाय का बे, दत्तू? पाहून सांग बरं."

मी पाहिलं. ओळ माझ्या बोटाखाली होती.

"हो," मी म्हणालो, "सारखंच. पुढं म्हण."

तो पुढं म्हणू लागला.

काय हवं होतं मला? परीक्षेत विषांचं हमखास विचारतात. तिथं तो एकदा चुकावा, माझ्यासारखा अडावा — एवढंच. कुणाचा जीव जावा असं माझ्या मनात नव्हतं. पण मनात काय नव्हतं, याला किंमत किती?

परीक्षेत कुचला आलाच नाही. नामदेव वरच्या नंबरानं पास झाला, मी कसाबसा. त्याला लोणारच्या दवाखान्यात जागा मिळाली, मला नांदुऱ्यालाच. जाण्याआधी तो पेढे घेऊन आमच्या घरी आला. वडिलांच्या पाया पडला आणि म्हणाला, "दत्तूनंच शिकवलं मले सारं."

तेव्हा सांगता आलं असतं. नंतरही आलं असतं. एका पोस्टकार्डाचं काम होतं: अर्काचं प्रमाण चुकलंय, तपासून घे. मी स्वतःची समजूत घालत राहिलो की तो कधीतरी पुस्तक पाहीलच. पण तो का पाहील? मी सांगितलं होतं ना त्याला! आणि खरं सांगू — मी वाट पाहत होतो. कधीतरी तो पकडला जाईल, साहेब चारचौघांत झापतील, लोणारहून मान खाली घालून परत येईल. हे चित्र मी मनात घोळवत होतो. गोड लागायचं ते.

हिवाळ्यात लोणारला एक बाई दवाखान्यात आली. शेतकऱ्याची बायको, दोन लहान मुलींची आई. ताप उतरला होता, अंगात त्राण नव्हतं. डॉक्टरांनी कुचल्याचं टिंक्चर लिहून दिलं आणि ते दौऱ्यावर निघून गेले. टिंक्चरची बाटली संपलेली होती. नामदेवानं तितकेच थेंब अर्काचे घातले.

तिचं अंग धनुष्यासारखं वाकलं. संध्याकाळच्या आत ती गेली. कुचल्याच्या विषात माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. हेही मीच त्याला वाचून दाखवलं होतं.

चौकशी झाली. "माह्या ध्यानात असंच होतं," याच्यापलीकडं तो काही बोलला नाही. माझं नावही काढलं नाही. त्याची नोकरी गेली, कंपाउंडरचं सर्टिफिकेट काढून घेतलं. आमच्या डॉक्टरसाहेबांनी मला विचारलं, "तुम्ही दोघं बरोबरच अभ्यास करत होता ना?"

मी म्हणालो, "तो नुसत्या पाठांतरावर राहायचा, साहेब."

साहेबांनी मान हलवली. आणि त्या क्षणी मला बरं वाटलं. ती बाई मेलेली ठाऊक असून.

बऱ्याच वर्षांनी शेगावच्या स्टेशनवर तो भेटला. केस पिकलेले, शेजारी कांद्याचं पोतं. बाकावर सरकून त्यानं मला जागा दिली. घरचं विचारलं, माझ्या मुलांची नावं विचारली. मग हळूच म्हणाला, "दत्तू, एक इचारू? ते कुचल्याचं... मले वाटते मी तुले इचारलं होतं. लिंबाखाली. तू हो म्हनला होता काय?"

आवाजात आरोप नव्हता. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं तो हे एकट्यानं उलटंपालटं करत बसला असणार. आणि त्याचं उत्तर साऱ्या जगात माझ्याकडंच होतं.

"नाही बे," मी म्हणालो. "मी तवाच तुले दुरुस्त करून सांगितलं होतं. तुह्याच ध्यानात राह्यलं नाही."

गाडीची घंटा झाली.

"असंन," तो म्हणाला. "मले उगाच तुह्यावर शक येऊन राह्यला होता. एवढी वर्षं." त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "माफ कर मले, दत्तू."

मी म्हणालो, "जाऊ दे."

आणि गाडीत चढलो.