रिकामा चाप

जगातल्या कुठल्याही तीन वस्तू आमच्या थोरल्या साडूंसमोर ठेवा, त्यातली उत्तम कुठली ते ते सांगणारच. आणि तुम्ही मुळात आणायला हवी होती ती चौथी कुठल्या दुकानात मिळते, हेही न विचारता सांगणार. मस्कतमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं एका बांधकाम कंपनीच्या खरेदी खात्यात काढली, पण ती झाली नोकरी. खरं काम ऑफिस सुटल्यावर सुरू व्हायचं. तिथल्या रुवी भागातल्या आमच्या ओळखीच्या घरांत असा पंखा नाही, असा कुकर नाही, जो त्यांच्या हाताखालून गेलेला नाही. गादी घ्यायची असली की ते बूट काढत, खिशातलं पेन माझ्या हाती देत आणि दुकानातल्या प्रत्येक गादीवर पाच मिनिटं डाव्या कुशीवर, पाच मिनिटं उजव्या कुशीवर पडत. आमच्या गादीच्या वेळी चौथ्या गादीवर उजव्या कुशीला त्यांना खरोखरच झोप लागली. मी आणि दुकानदार अर्धा तास कुजबुजत बसलो. जागे झाल्यावर डोळे चोळत म्हणाले, "हीच घ्या. बाकीच्यांवर मी जागा राहिलो." चौदा वर्षं झाली, गादी अजून तशीच आहे. गेली सहा वर्षं मला मात्र तिच्यावर धड झोप लागत नाही. त्यात गादीचा दोष नाही.

ते जन्माने आणि कर्माने शाकाहारी. मासा आयुष्यात तोंडात घातलेला नाही. तरी मस्कतजवळच्या बरका गावच्या मासळीबाजारात त्यांना न्यायला रुवीतला एक रत्नागिरीचा कापडवाला दर आठवड्याला गाडी घेऊन यायचा. "साहेब, तुमी फकस्त बोट दाखवा. खायाचं काम आमचं." साडू नाकाला रुमाल लावून ओळीने मांडलेल्या सुरमयांसमोरून परेडची पाहणी करावी तसे चालत. मग एकीपाशी थांबत. "ही माझ्याकडे बघतेय. बाकीच्या नुसत्या पडल्यात." कापडवाला संध्याकाळी फोन करून सांगायचा, साहेब, काय मासा होता! आणि हे दहीभात कालवता कालवता म्हणायचे, "असणारच."

मलाही त्यांनीच निवडलं. कांदेपोह्यांच्या दिवशी ते सुट्टीवर गावी आले होते आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते. मला एक प्रश्न विचारला नाही. मधेच उठून बाहेर ओट्यावर गेले, माझ्या चपला उलट्या करून पाहिल्या आणि आत येऊन सासऱ्यांना म्हणाले, "मुलगा चालेल. टाचा सरळ झिजल्यात. हा माणूस वाकड्यात शिरायचा नाही." झालं. माझा पगार आणि पत्रिका नंतर कुणी पाहिली की नाही, मला अजून ठाऊक नाही. पुढे मला मस्कतला त्यांनीच आणलं. नोकरी त्यांनी पाहिली, अल खौदचं घर त्यांनी पाहिलं, त्यात नळ सोडून, बंद करून, पुन्हा सोडून पाणी किती वेळात गरम होतं तेही पाहिलं. गाडी निवडताना मला ती चालवायला लावून स्वतः रस्त्याकडेने तिच्यामागे पळाले, आवाज ऐकायला. त्यांना मी समोर 'भावोजी' म्हणतो, बायकोचं ऐकून लागलेली सवय. ते मला 'साडूबुवा' म्हणतात. आता ज्याचं सगळं आयुष्य दुसऱ्याने निवडून दिलंय, त्याला कधीतरी वाटतं, या गृहस्थाची एक तरी निवड चुकावी. फार मोठी नको, पण चुकावी. मला वाटायचं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

तर रायफल. भावोजींच्या कंपनीचे अर्बाब, म्हणजे मालक, अबू सालिम यांची बरक्याला खजुराची बाग आहे. शुक्रवारी तिथे त्यांचे भाऊबंद जमतात, जेवतात आणि जेवणानंतर मातीच्या भिंतीसमोर लिंबू टांगून त्याच्यावर नेम धरतात. अबू सालिमना त्यासाठी एक हलकी, जुनी रायफल हवी होती. एका वेळी एकच बारीक काडतूस घेणारी, पॉइंट टू टू. एका वयस्क नातेवाइकाच्या घरी तशा तीन पडून होत्या, त्यातली एक तो देणार होता. परवाना अबू सालिमचा, बाग अबू सालिमची, हौसही त्यांचीच. निवड मात्र कुणाची, हे सांगायला नकोच. भावोजी कॉलेजात असताना कॅडेटांच्या नेमबाजी संघात होते आणि त्या वेळचं एक पदक कपाटात हातरुमालात गुंडाळून ठेवलेलं होतं, ही गोष्ट त्यांनी कंपनीत लपवली होती असं कुणी म्हणणार नाही. अबू सालिम म्हणाले, "भाई, तुम जो बोलेगा, वो लेगा."

भावोजींनी तीन शुक्रवार घेतले. मी तिन्ही वेळा गाडी चालवायला. पहिल्या शुक्रवारी त्यांनी रायफलींना हातच लावला नाही. बागेत आणून गालिच्यावर मांडलेल्या त्या तिघींभोवती फिरले, दोन खजूर खाल्ले, तीन वाट्या कहवा, म्हणजे तिकडची बिनदुधाची कॉफी, प्यायले आणि निघाले. "आधी बघायचं. हात लावला की मन बिघडतं." दुसऱ्या शुक्रवारी बोल्ट, म्हणजे नळीमागच्या सरकत्या खिळी, काढून ठेवले, माझं पांढरं व्हिजिटिंग कार्ड मागच्या तोंडाशी धरलं आणि नळीच्या पुढच्या टोकाने आत डोकावत राहिले. उजेड कार्डावरून उलटून आत पडतो आणि आतले पिळाचे आटे दिसतात. मलाही दाखवले. मला गोल गोल काहीतरी दिसलं. ते म्हणाले, "पहिलीची नळी खोकतेय. तिसरी नुसती हो ला हो करते. मधली गाते, साडूबुवा!" मग डोळे मिटून प्रत्येकीचा बोल्ट लावून पाहिला, कान जवळ नेऊन. लाकडाचा वास घेतला. अबू सालिमचा एक चुलतभाऊ त्यांच्या मागे उभा राहून हुबेहूब तसाच वास घेत होता, आणि मी हसू दाबत होतो.

तिसऱ्या शुक्रवारी निकाल: मधली. तीच सगळ्यांत कुरूप होती. तिचा लाकडी दस्ता फाटलेला आणि तांब्याच्या तारेने बांधलेला. पहिली चकचकीत होती, चुलतभावाला तीच हवी होती. तो हसला. भावोजी शांतपणे म्हणाले, "दस्ता बदल सकता है. नली नहीं बदल सकता." चोवीस वर्षांची इभ्रत त्या तांब्याच्या तारेला टांगून ते मोकळे झाले. जेवण झाल्यावर तिची परीक्षा घ्यायची ठरलं.

सगळे हात धुवायला उठले. भावोजींनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही हिच्यापाशी बसा. तुमचं ताट पाठवतो. आणि ऐका, हिच्या काडतुसात पेटणारा मसाला मध्यभागी नसतो, काठात असतो. म्हणून आतली पिन काडतुसाच्या काठावर आपटते. काडतूसच नसलं, तर ती आपटते थेट नळीच्या तोंडावर. लोखंडावर लोखंड. तिथे खाच पडली की पुढचं काडतूस नीट बसत नाही आणि निघतही नाही. म्हणून रिकामा चाप ओढायचा नाही. कळलं?"

"कळलं."

"तुमच्याशिवाय कुणावर सोडणार?" असं म्हणून ते गेले.

मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो आणि जन्मात बंदूक हातात धरली नव्हती. रिकामी आहे ना, हे तीनदा पाहिलं. बोल्ट बंद केला, खांद्याला लावली, समोरच्या मातीच्या भिंतीवर नेम धरला आणि चाप ओढला. टक्. इतका स्वच्छ आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग पुन्हा. एकूण सात वेळा. पहिल्यांदा कुतूहल म्हणून, दुसऱ्यांदा आवाज आवडला म्हणून. तिसऱ्यांदापासूनचं कारण सांगता येत नाही असं मी स्वतःला सहा वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे येतं. तिसऱ्यांदापासून प्रत्येक वेळी मला त्यांचा नियम आठवत होता. मग माझं ताट आलं. मटणभात होता, मी दोनदा वाढून घेतला.

परीक्षेला भावोजी चटईवर पालथे झोपले. बासष्टाव्या वर्षी, पोटावर. पोटामुळे ते मधोमध टेकून दोन्ही बाजूंना जरासे डुलत होते, पण गाल दस्त्याला लागला आणि डुलणं थांबलं. त्या क्षणी ते वीस वर्षांचे दिसले, हे मी पाहिलं. काडतूस आत जाईना. अंगठ्याने दाबलं. गेलं. चाप ओढला, काही नाही. दुसरं, तेही मुकं. तिसरं उडालं, लिंबू जिथल्या तिथे आणि रिकामी पुंगळी आत अडकून बसली. चुलतभावाने खजुराच्या झावळीची काडी पुढून घालून ती ढकलून काढली आणि सगळ्यांना दाखवली. हशा झाला. भावोजींनी टॉर्च मागितला, बराच वेळ आत पाहत राहिले. "हे मला दिसलं कसं नाही?" असं स्वतःशीच म्हणाले.

चुलतभावाने विचारलं, "कोई खाली ट्रिगर मारा क्या?"

भावोजी उठून उभे राहिले. गुडघ्यांना माती, शर्ट बाहेर आलेला. म्हणाले, "नहीं. इधर मेरा साडू बैठा था. वो हाथ नहीं लगाएगा. उसको मैंने खुद पसंद किया है."

मी खजुराच्या बिया मोजत होतो.

अबू सालिम म्हणाले, "माफी मुश्किल, भाई. खलास." काही हरकत नाही, झालं ते झालं, हे इतक्या मायेने म्हणाले की त्यापेक्षा चुलतभावाचं हसणं परवडलं. त्या दिवसापुरती त्यांनी घरातली दुसरी कुणाची तरी बंदूक काढली. परतताना भावोजी गाडीत एकच वाक्य बोलले, "डोळे गेले माझे." मला वाईट वाटलं. पण खरं सांगतो, त्याच्या आधी, मिनिटभर, मला बरं वाटलं होतं.

मला वाटलं, आठवड्यात विसरतील. पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेले; एका डोळ्यात मोतीबिंदूची अगदी सुरुवात निघाली, तिला त्यांनी पुरावा मानलं. कापडवाल्याला म्हणाले, "मासे सगळे सारखेच असतात." तो बिचारा माझ्याकडे येऊन विचारून गेला, साहेबांच्या तब्येतीला काय झालं. भाजी घेताना पिशवीत जे येईल ते घेऊ लागले. ताई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, एकदा किडकी वांगी हातात धरून स्वयंपाकघरात रडली. आणि त्यांच्या मुलीला बघायला मुलगा आला, तेव्हा दारात त्याचे सँडल होते. भावोजी त्यांच्यावरून पुढे निघून गेले. "तुमचं तुम्ही बघा." मला राहवलं नाही, कुणाचं लक्ष नाही असं पाहून मीच ते उलटून बघितले. नवे कोरे होते. काही कळलं नाही. जावई चांगला निघाला, पण ते त्यांचं श्रेय नव्हे. चार वर्षांपूर्वी ते निवृत्त होऊन सांगलीला गेले. सामान कुठल्या कंपनीकडून पाठवायचं, हेसुद्धा मीच ठरवलं. मी ठरवलं म्हणून त्यांची काचेची सगळी भांडी फुटली, आणि ते "असू दे" म्हणाले.

यंदा थंडीत अबू सालिमनी मला बागेत बोलावलं. गालिच्यावर मधली रायफल होती, नवा दस्ता लावलेली. निझवा गावच्या एका म्हाताऱ्या कारागिराने नळीच्या तोंडाची खाच दाबून, घासून काठ सरळ करून दिला होता, अर्ध्या तासात. अबू सालिमनी पहिल्या गोळीत लिंबू पाडलं. "तुम्हारा भाई का पसंद, एक नंबर," म्हणाले. मग म्हणाले, कारागीर सांगत होता, ही रिकामी मारलेली आहे, एकदा नाही, बऱ्याचदा. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या वाटीत कहवा ओतला.

परवा मी सांगलीला फोन लावला.

"भावोजी, त्या रायफलचा चाप मी ओढला होता. रिकामा."

पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली.

"किती वेळा?"

"सात."

"बोल्ट पूर्ण बंद करून?"

"हो."

"सातही वेळा?"

"हो." मग मी कारागिराचं सांगितलं, लिंबाचं सांगितलं.

"पहिल्या गोळीत?"

"पहिल्या."

त्यांनी फोन तोंडापासून लांब नेल्याचं कळलं, तरी कान दुखावा इतक्या मोठ्याने ओरडले, "अगं, ऐकलंस का! नळी चांगली होती!"

मागून ताईंचा आवाज आला, "कुठली, गॅसची? बदलायची म्हणत होतात ना?"

ते हसत सुटले. सहा वर्षांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. त्या हसण्याच्या आडोशाने फोन ठेवून देता आला असता. पण मी तिसऱ्यांदापासूनचंही सांगितलं. नियम आठवत होता, आणि तरी ओढला. आणि गाडीत मिनिटभर बरं वाटलं होतं, तेही.

हसणं थांबलं. मग म्हणाले, "ओट्यावरच्या त्या चपला तुमच्याच होत्या ना? उसन्या नव्हत्या?"

"माझ्याच होत्या."

"हं. मग आत्ताच्या दाखवा. तळाचा फोटो पाठवा. उजेडात काढा, सावली पाडू नका."

मी दारात जाऊन रोजच्या चपला उचलल्या आणि उलट्या केल्या. उजवी ठीक होती. डावीची टाच बाहेरच्या बाजूला चांगलीच झिजली होती. कपाटात एक नवा जोड आहे, न वापरलेला; तो डोळ्यांसमोर येऊन गेला, हे कबूल करतो. खिडकीशी उन्हात वर्तमानपत्र पसरलं, त्यावर ह्याच चपला ठेवल्या आणि फोटो पाठवला.

फोटोखाली दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर अजून आलेलं नाही. मी फोन केलेला नाही, करणारही नाही. बघायला त्यांना तीन शुक्रवार लागतात, आणि आज पहिलाच आहे.