आतोबांचं गलबत

समुद्राला आमच्या आतोबांइतकं घाबरणारा आणि समुद्राबद्दल त्यांच्याइतकं बोलणारा माणूस साऱ्या रत्नागिरीत दुसरा सापडला नसता. खाडी ओलांडायला होडीत पाय ठेवला की त्यांचा चेहरा पांढराफटक पडे. पण मांडवीतल्या आपल्या ओटीवर कादंबरी उघडून बसले की तेच आतोबा चाच्यांच्या तीन गलबतांना पुरून उरत. एका गोऱ्या कप्तानाच्या गलबताची ही कादंबरी त्या काळी दरमहा एकेक भाग करून मुंबईच्या आगबोटीने येई. कचेरीतून आले की पगडी खुंटीला लावून ते मोठ्याने वाचायला बसत. गोऱ्या कप्तानाचा आवाज असा काढत की गोठ्यातली म्हैस पान्हा चोरी. लाटांच्या आवाजासाठी आत्याच्या हातातलं तांदूळ पाखडायचं सूप ओढून घेऊन घोळवत. "तुमचा समुद्र आवरा, मला भात टाकायचाय," असं आत्या रोज म्हणे. छापलेला शब्द गाळणं त्यांना पाप वाटे. शेवटच्या पानावरची केशतेलाची जाहिरातसुद्धा आम्हांला कप्तानाच्या आवाजात ऐकावी लागे.

खारवीवाड्यातली माणसं ऐकायला येत, पण त्यांची एक अट होती. त्यांचे मचवे मासेमारीला समुद्रात असताना ओटीवर गलबत बुडवायचं नाही. म्हणून तुफानाचं प्रकरण आतोबा राखून ठेवत आणि पावसाळ्याआधी सगळे मचवे बंदरात आले की मगच वाचत. त्या वर्षी वैशाखाच्या अखेरीस त्यांनी ओटीवरून डोलकाठ्या मोजल्या, अकराच्या अकरा भरल्या, आणि तुफान सोडलं. खारवी आपापले मचवे पावसाळ्यासाठी झावळ्यांनी शाकारण्यात गुंतलेले, त्यामुळे समोर मी आणि आत्याच. पण तो आवाज ऐकायला ओटीवर यावं लागत नसे. शिडं फाटली, सुकाणू मोडलं, निम्मे तांदूळ अंगणात गेले आणि भाग संपला. अकरावी डोलकाठी मंगळुरी कौलं घेऊन आलेल्या परक्या पडावाची होती, हे नंतर कळलं. शेजारचा तांडेल आपला मचवा आणि सहा गडी घेऊन अजून बाहेरच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच वारा उठला.

तांडेलाची बायको आली ती अंगणातच उभी राहिली. भांडली नाही. "काकानू, गलबत तुमी घातलात तुफानात. आता तुमीच भायर काडा. माजा मानूस येयपर्यंत वाचूचा थांबवू नका."

पुढचा भाग होता कुठे? पावसाळ्यासाठी आगबोट बंद झालेली. तो गणपतीशिवाय यायचा नव्हता. आतोबांनी जुनाच भाग डोळ्यांसमोर धरला आणि जन्मात स्वल्पविराम न बदललेला तो माणूस मनचं वाचू लागला. कप्तानाने धोतर फाडून शीड शिवलं. खलाशांना पेज मिळाली. "काका, गोरा कप्तान कोकमाचं सार पितो?" असं कुणीतरी विचारलं, तर तांडेलीण म्हणाली, "पिऊ दे." मध्येच ती बजावी, "वारा फिरला, शीड उतरवा," की आतोबा मुकाट्याने शीड उतरवत. असे दोन दिवस गेले. घसा बसला, पण पान उलटायचं थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मचवा आला. डोलकाठी मोडलेली, सातही माणसं धड. आतोबा पुस्तक मिटून देवघरात गेले आणि लहान मुलासारखे रडले. त्या दिवसाइतकी माया मला त्यांच्याबद्दल कधीच वाटली नव्हती.

गणपतीत शेवटचा भाग आला. आतोबांनी तो आधी मनातल्या मनात वाचला आणि नुसताच माझ्या हातात दिला. गलबत सगळ्यांसकट बुडालं होतं. संध्याकाळी ओटी भरली. तांडेल पुढेच बसला होता, शेजारी त्याची बायको. आतोबांनी तो भाग उघडला, घसा खाकरला आणि गलबत सुखरूप बंदराला लावलं.

माणसं गेल्यावर मला हळूच म्हणाले, "लिहिणाऱ्याला कळवायला हवं गो, त्याची माणसं पोचली म्हणून."

ते पत्र त्यांनी लिहिलं की नाही, हे विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं.