भट्टीच्या हातमोज्याचा दोरा

शेठनी हातमोजा माझ्या मशीनवर टाकला. "सुमनबेन, ये देखो. पार्टी बोलती है, पंद्रह दिन में फट गया."

फाटला नव्हता, अंगठ्यापाशी उसवला होता. चामडं चांगलं होतं, आतलं सुती अस्तरही शाबूत. पकडताना सगळा ताण अंगठ्यावर येतो, म्हणून शिवण तिथेच आधी जाते. मी दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं, तर त्याचा भुगा झाला. काळा. मला वाटलं, तेलाचा मळ असेल.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. भाईंदर पूर्वेच्या त्या गाळ्यात मी सहा वर्षं हातमोजे शिवत होते. शेठसमोर बोलायची सवय नव्हती. पण पत्रा कापणाऱ्यांच्या मोज्यांना नायलॉनचा दोरा लावल्यापासून एकही मोजा परत आला नव्हता. पत्र्याच्या धारेने सुती दोरा तुटतो, नायलॉनचा टिकतो. म्हणून म्हणाले, "शेठ, यालाही नायलॉन लावू या."

"देखा? बोलती नहीं, लेकिन दिमाग चलता है!"

सुपरवायझर सावंत हसले. "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं, वहिनी!"

मला फार बरं वाटलं. सगळा लॉट नायलॉनने शिवला.

मोजे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात जाणार, एवढंच ठाऊक होतं. तिथे पत्रा कापतात आणि भट्टीही असते. दाबून दाबून कडक झालेलं भांडं भट्टीत तापवून नरम करतात. मोजे कुठल्या खात्यात जाणार, हे मी विचारलं नाही.

महिन्याभराने सावंत मशीनपाशी आले. "वहिनी, ते मोजे भट्टीवर होते. दोरा वितळला."

तापलेला ट्रे ओढताना शिवण उघडली होती. कामगाराचा अंगठा भाजला, वर वितळलेला दोरा कातडीला चिकटला. सुती दोरा आचेने हळूहळू करपतो, नायलॉन वितळतो. मी मळ समजले, तो करपलेला दोरा होता.

तो कामगार दत्ताराम, पेणकरपाड्याला राहायचा. सावंतांबरोबर मी भेटायला गेले. पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून तो बसला होता. अंगठा आता पूर्ण वळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"बसा ना ताई. बायकोला सांगतोय, अंगठा गेला, आता सही शिकव."

"पंधरा वर्षं मागे लागलेय, तेव्हा नाही शिकलात," बायको म्हणाली. मग मला विचारलं, "तुम्ही पण कारखान्यातल्या?"

"मोजे शिवते."

"मग जरा विचारा तुमच्याकडे," दत्ताराम म्हणाला, "असला दोरा लावायचं कुणाच्या डोक्यात आलं?"

सावंत खाली बघत होते. मी "विचारते" म्हणाले.

पुढे भट्टीचे मोजे सुती दोऱ्याने दुहेरी शिवले आणि शिवणीवर चामड्याची पट्टी घातली. ते टिकले. आता उसवलेला मोजा आला की शिवण बघायच्या आधी मी विचारते, कुठल्या खात्यातून आला? एवढं विचारायला शिक्षण लागत नाही.

दत्ताराम भट्टीवर परत गेला नाही. तो दोरा मी सुचवला होता, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.